मँगनीज ऑक्साइडमध्ये काय मिसळायचं, किती, आणि कशासाठी

प्रश्न पुसदकडच्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमचा आहे. त्यांच्या एमएस्सीच्या मुलांना निकेल डोप केलेल्या, म्हणजे स्फटिकजाळीत थोडं निकेल मिसळलेल्या, मँगनीज डायऑक्साइडचा लवचिक सुपरकपॅसिटर (वीज झटकन साठवून झटकन देणारा घटक) करायचा आहे. संशोधनाच्या पेपरांत हजार-बाराशे फॅरड (प्रभार साठवण्याच्या क्षमतेचं, म्हणजे कपॅसिटन्सचं, एकक) प्रति ग्रॅम असे आकडे वाचून मुलं उत्साहात आहेत. डोपिंगनं नेमकं काय होतं, ते किती टक्के करावं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय जमेल, हे मॅडमनी विचारलंय. मुलांनी त्यात आपला एक प्रश्न जोडलाय: यावर फवारणीचा बॅटरी पंप चालेल का?

मॅडम, आधी मुलांचा प्रश्न घेतो. त्याचा हिशेब एकदा मांडला की बाकीची दिशा आपोआप ठरते.

पाठीवरच्या पंपात बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते, म्हणजे ९६ वॉट-तास ऊर्जा. बाजारात मिळणारे चांगले सुपरकपॅसिटर वेष्टनासकट किलोमागे ५-६ वॉट-तास साठवतात. पंप तेवढाच वेळ चालवायचा तर सोळा ते एकोणीस किलो सुपरकपॅसिटर पाठीवर घ्यावे लागतील, आणि टाकीतलं १६ लिटर औषध वेगळंच. लिथियम-आयन सेलमध्ये तेवढी ऊर्जा अर्ध्या-पाऊण किलोत बसते. तेव्हा पंपाला बॅटरीच लागणार. मुलांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. यानं त्यांचा उत्साह कमी होणार नाही, उलट योग्य जागी लागेल.

योग्य जागा कोणती, तर जिथे ऊर्जा थोडी लागते पण ती क्षणात द्यावी लागते आणि हजारो वेळा द्यावी लागते. वावरात लावलेला ओलाव्याचा सेन्सर घ्या. दिवसभर तो जवळजवळ झोपलेला असतो आणि ठरावीक वेळानं एखादा सेकंद रेडिओवर माहिती पाठवतो. त्या सेकंदात ३.३ व्होल्टवर ०.१ अँपिअर लागला असं धरू, म्हणजे साधारण ०.३३ जूल. आता तुमचा लवचिक सुपरकपॅसिटर पाहू. कार्बन कापडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १ मिलिग्रॅम ऑक्साइड बसवला आणि त्याचा कपॅसिटन्स २०० फॅरड प्रति ग्रॅम आला, तर एका इलेक्ट्रोडचे २०० मिलिफॅरड झाले. समोरासमोरचे दोन इलेक्ट्रोड एकसरीत येतात, म्हणून सेलचे १०० मिलिफॅरड. दहा चौरस सेंटिमीटरच्या सेलला १ फॅरड मिळाला. प्रत्येकी १ व्होल्टचे असे तीन सेल एकसरीत जोडले की ३ व्होल्टला दीड जूल. व्होल्टेज ३ वरून २ वर येईपर्यंत त्यातले ०.८ जूल वापरता येतात. म्हणजे पुरून उरतात.

मात्र इथे एक अट आहे आणि माझ्या मते साऱ्या विषयाचा गाभा तिच्यातच आहे. प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध १ ओहम असेल तर ०.१ अँपिअर ओढताना तीन सेलवर मिळून ०.३ व्होल्ट पडतो, ते चालून जातं. तोच रोध १० ओहम असला की ३ व्होल्ट पडतात. सगळं व्होल्टेज आतच संपतं, सेन्सरपर्यंत काही पोचत नाही. फॅरड तेवढेच, साठवलेली ऊर्जाही तेवढीच, पण उपयोग शून्य. विद्युतवाहकता सुधारायला माणसं डोपिंगच्या मागे का लागतात ते या हिशेबातून कळतं.

मँगनीज डायऑक्साइडमधल्या प्रत्येक मँगनीज अणूनं एक इलेक्ट्रॉन घेतला-दिला, तर सुमारे ०.८ व्होल्टच्या पट्ट्यात १,३७० फॅरड प्रति ग्रॅम मिळायला हवेत. प्रत्यक्षात जरा जाड थर घेतला की १५० ते २५० हाती येतात. १९९९ साली ली आणि गुडइनफ या संशोधकांनी पोटॅशियम क्लोराइडच्या साध्या द्रावणात अस्फटिकी मँगनीज डायऑक्साइड तपासला तेव्हाही आकडा २०० च्या आसपासच होता. बाकीचं कुठे जातं? या पदार्थाची वाहकता सेंटिमीटरमागे १ सीमेन्सच्या लाखाव्या ते दहा लाखाव्या भागाइतकी आहे. पृष्ठभागालगतचा पातळ थर तेवढा काम करतो आणि आतलं मँगनीज नुसतं वजन म्हणून राहतं. त्यामुळे जाड थराच्या नमुन्यात कोणी बाराशेचा दावा करत असेल, तर जवळजवळ प्रत्येक अणू कामाला लागला असा त्याचा अर्थ होतो. मग वजन कसं केलं, खाली निकेल फोम होता का, इलेक्ट्रोलाइट (इलेक्ट्रोडमधलं आयन वाहून नेणारं द्रावण) कोणता होता, हे विचारायलाच हवं. निकेल फोम पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवला की त्याचा स्वतःचा पृष्ठभागच ऑक्सिडेशन-रिडक्शन करतो आणि तो प्रवाह तुमच्या पदार्थाच्या खात्यात जमा होतो. पदार्थ अर्धा मिलिग्रॅमच असेल तर आकडा भलताच फुगतो.

आता डोपिंगकडे येतो. डोपंट हे सगळ्या दुखण्यांवरचं एकच औषध नाही. आपल्या ऑक्साइडला कशाची अडचण आहे, इलेक्ट्रॉनच्या वाटेची, आयनच्या वाटेची, की वारंवार चार्ज-डिस्चार्ज होताना स्फटिकजाळी मोडण्याची, ते आधी ठरवा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

इलेक्ट्रॉनच्या वाटेसाठी मूळ धातूपेक्षा वेगळ्या संयुजेचा आयन जाळीत बसवतात. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये चार धन प्रभाराच्या टायटॅनियमच्या जागी पाच धन प्रभाराचा निओबियम गेला की एक जादा इलेक्ट्रॉन मिळतो. टिन ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या जागी थोडा फ्लोरीन घातला की काच पारदर्शक राहूनही वीज वाहते. सौर सेलच्या कामात वापरतात ती काच तुमच्या प्रयोगशाळेतही असेल. मँगनीज डायऑक्साइडमध्ये उलट दिशेनं जातात. चार धन प्रभाराच्या मँगनीजच्या जागी तीन धन प्रभाराचा ॲल्युमिनियम, लोखंड किंवा कोबाल्ट बसवतात. प्रभाराचा तोल साधायला जाळीत ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा किंवा होल (इलेक्ट्रॉनची उणीव असलेल्या जागा) तयार होतात, कधी प्रोटॉन येऊन बसतो. आयनच्या वाटेसाठी मात्र मोठे आयन उपयोगी पडतात. अल्फा प्रकारच्या मँगनीज डायऑक्साइडमध्ये सुमारे ४.६ अँगस्ट्रॉमचे (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) बोगदे असतात, तर थरांच्या डेल्टा प्रकारात दोन थरांमध्ये ७ अँगस्ट्रॉमचं अंतर असतं. पोटॅशियम त्या पोकळीत बसून ती उघडी ठेवतो. खरं तर त्याला डोपिंग म्हणण्यापेक्षा टेकू म्हणावं, पण पेपरांत दोन्ही एकाच नावाखाली येतं आणि विद्यार्थी गोंधळतात.

तुमच्या निकेलबद्दल माझं मत सांगतो. पहिल्या प्रयोगासाठी मी निकेल निवडणार नाही. चार धन प्रभाराच्या मँगनीजची त्रिज्या ०.५३ अँगस्ट्रॉम आणि दोन धन प्रभाराच्या निकेलची ०.६९. तो थोडा बसेल, पण बराचसा पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड होऊन राहण्याचा धोका आहे. अल्कलाइन द्रावणात हाच निकेल हायड्रॉक्साइड मोजमापाच्या आलेखावर बॅटरीसारखी ठळक शिखरं देतो. मग वाढलेला प्रभार डोपिंगमुळे आला की वेगळ्याच पदार्थामुळे, हे सांगता येत नाही. शिवाय बॅटरीसारख्या वागणाऱ्या पदार्थाचं मोजमाप फॅरडमध्ये देणंच चूक आहे. २०१४-१५ पासून या क्षेत्रातल्या मोठ्या संशोधकांनी हे वारंवार लिहिलंय. डिस्चार्जच्या आलेखाची रेघ सरळ उतरत नसेल आणि मध्ये पठार येत असेल, तर मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम लिहावं.

मी ॲल्युमिनियम घेईन. त्याची त्रिज्या ०.५३५ अँगस्ट्रॉम, मँगनीजच्या अगदी जवळची. तो स्वस्त आहे, कोबाल्ट-निकेलइतका विषारी नाही. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की व्होल्टेजच्या या पट्ट्यात त्याची स्वतःची ऑक्सिडेशन-रिडक्शन क्रिया नाही. त्यामुळे जो फरक दिसेल तो मँगनीजच्याच वागण्यातला असेल. विद्यार्थ्याला कार्यकारण शिकवायचं तर यापेक्षा स्वच्छ प्रयोग मिळणार नाही. दुसऱ्या फेरीत लोखंड घ्या.

प्रमाण किती? ०, १, ३, ५ आणि ८ अणू-टक्के अशी मालिका करा. शून्याचा नमुना त्याच दिवशी, त्याच रसायनांतून, त्याच भट्टीत झाला पाहिजे. जुन्या बॅचचा नमुना तुलनेला घेऊ नका. द्रावणात ५ टक्के घातलं म्हणजे पदार्थात ५ टक्के गेलं असंही नाही. धुताना बरंचसं निघून जातं. खरं प्रमाण आयसीपीनं (नमुना विरघळवून त्यातली मूलद्रव्यं मोजणारं उपकरण) काढावं. एसईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या ईडीएसवर (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारा जोड) १ टक्क्याचा आकडा फारसा भरवशाचा नसतो.

आणखी एक गोष्ट इथे ठासून सांगतो, कारण छापील कामातही ती राहून जाते. डोपंट घातला की कणांचा आकार बदलतो, कधी सुयांच्या जागी पाकळ्या येतात, पृष्ठभाग दुप्पट होतो, कधी फेजच, म्हणजे स्फटिकाचा प्रकारच, बदलते. मग कपॅसिटन्स वाढला तो वाहकतेमुळे की नुसत्या पृष्ठभागामुळे? बीईटी पद्धतीनं (वायू शोषून घेण्यावरून) पृष्ठभाग मोजून त्याच्या चौरस मीटरमागे किती फॅरड, हे काढल्याशिवाय डोपिंगला श्रेय देऊ नये. वाहकता वेगळी मोजा: पावडरची गोळी दाबून, दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्ट लावून. इतकं साधं मोजमापही फार थोडे लोक करतात.

असा घोळ किती मोठ्या पातळीवर होऊ शकतो याचं उदाहरण लिथियम आयर्न फॉस्फेट या बॅटरीतल्या पदार्थाचं आहे. २००२ साली एमआयटीतल्या च्यांग यांच्या गटानं थोड्या डोपिंगनं त्याची वाहकता सुमारे दहा कोटी पटींनी वाढल्याचं प्रसिद्ध केलं. २००४ मध्ये कॅनडातल्या नझर यांच्या गटानं दाखवलं की भट्टीत कणांच्या कडांवर लोह फॉस्फाइडचं वाहक जाळं तयार होतं आणि वाहकतेची वाढ त्यातून येऊ शकते. वाद बराच काळ चालला. पदार्थ पुढे जगभर वापरात आला, त्यात कार्बनचा लेप आणि बारीक कण यांचा वाटा फार मोठा होता. तुमच्या मुलांना हा वाद जरूर सांगा.

म्हणून बॅटरीतलं डोपिंग कागदावरचंच आहे असं समजू नका. लिथियम बॅटरीतल्या एनसीए नावाच्या कॅथोडमध्ये (धन इलेक्ट्रोडमध्ये) निकेल ०.८०, कोबाल्ट ०.१५ आणि ॲल्युमिनियम ०.०५ असं प्रमाण असतं. तो थोडासा ॲल्युमिनियम वीज साठवत नाही, पण स्फटिकजाळीला आणि उष्णतेतल्या स्थैर्याला आधार देतो. आपल्या भागासाठी त्याहून बोलकं उदाहरण लिथियम मँगनीज ऑक्साइडच्या स्पिनेलचं (एका विशिष्ट स्फटिकरचनेचं) आहे. पदार्थ स्वस्त, पण त्यातला तीन धन प्रभाराचा मँगनीज जाळीला ताण देतो आणि दोन-दोन अणूंच्या जोडीत दोन आणि चार धन प्रभारात विभागला जातो. दोन धन प्रभाराचा मँगनीज इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळून दुसऱ्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसतो. ५५ अंश सेल्सियसला हे फार वेगानं होतं. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला सावलीतच ४५-४६ अंश होतात. टिनाच्या शेडमध्ये उभ्या केलेल्या गाडीची बॅटरी किती तापत असेल याचा अंदाज करा. दोन मँगनीजपैकी ०.१ जागी ॲल्युमिनियम बसवला तर त्रासदायक मँगनीज १० टक्क्यांनी घटतो आणि आयुष्य वाढतं, पण क्षमताही जवळजवळ तेवढीच कमी होते. डोपिंगमध्ये काहीतरी द्यावं लागतंच. ज्या पेपरात क्षमता, वेग आणि आयुष्य तिन्ही एकदम वाढलेलं दिसतं, तो मी दोनदा वाचतो.

ॲनोडच्या, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडच्या, बाजूला कोबाल्ट ऑक्साइडची (Co₃O₄) सैद्धांतिक क्षमता ८९० मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम आणि ग्रॅफाइटची ३७२. २००० साली तारास्कॉन यांच्या गटानं हे दाखवल्यापासून हजारो प्रबंध निघाले, तरी बाजारात ग्रॅफाइटच राहिलं. चार्ज आणि डिस्चार्जच्या व्होल्टेजमध्ये मोठी दरी राहते आणि पहिल्याच फेरीत बरंचसं लिथियम वाया जातं. ही दरी डोपिंगनं बुजत नाही. या वाटेला मुलांना नेऊ नका. शिवाय लिथियम सेल जोडायला आर्गॉनचा ग्लोव्ह बॉक्स लागतो, त्यात ओलावा दहा लाखांत एका भागाहून कमी ठेवावा लागतो. तालुक्याच्या कॉलेजला ते परवडणारं नाही. पाण्यातल्या इलेक्ट्रोलाइटचं काम मात्र पूर्णपणे आवाक्यात आहे: सुपरकपॅसिटर, आणि पुढे जाऊन झिंक-आयन बॅटरी, जिच्यात पुन्हा मँगनीज डायऑक्साइडच कॅथोड असतो आणि सैद्धांतिक क्षमता ३०८ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम आहे.

मँगनीजचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गला मॉइल या सरकारी कंपनीची मँगनीजची खुली खाण आहे. तिथला मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलच्या उद्योगाला जातो आणि तिथेच इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखानाही आहे. विदर्भातल्या मुलांनी आपल्या मातीतल्या धातूवर काम करावं असं मला मनापासून वाटतं. मात्र खनिज थेट प्रयोगात घेऊ नका. त्यात लोखंड, सिलिका आणि फॉस्फरस असतात, आणि ते तुमच्या नकळत डोपंट होतात. सुरुवात शुद्ध रसायनांपासूनच करा. एकदा खाण पाहायला मुलांना घेऊन जा.

करायचं कसं ते सांगतो. पावडरसाठी पोटॅशियम परमँगनेट दोन भाग, मँगनीज सल्फेट तीन भाग, मोलच्या हिशेबात, आणि ठरलेल्या प्रमाणात ॲल्युमिनियम सल्फेट. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद पात्रात) १४० ते १६० अंशांवर बारा तास. पात्र तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका. लवचिक इलेक्ट्रोडसाठी त्याहून सोपा मार्ग आहे. कार्बन कापड परमँगनेटच्या पातळ द्रावणात ७०-८० अंशांवर ठेवलं की कार्बनच परमँगनेटचं रिडक्शन करतो आणि कापडाच्या धाग्यावर मँगनीज डायऑक्साइड घट्ट बसतो, बाइंडर (चिकटवणारा पदार्थ) लागत नाही. यात एक बारकावा आहे. चार मँगनीज बसताना तीन कार्बन जळून जातात. म्हणून आधी-नंतरच्या वजनाच्या फरकावरून काढलेलं ऑक्साइडचं वस्तुमान खऱ्यापेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी येतं आणि फॅरड प्रति ग्रॅम तेवढे फुगतात. ही दुरुस्ती करा. कापड पावसाळ्यात ओलावा धरतं, तेव्हा दोन्ही वजनं ओव्हनमध्ये सारखी वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा न शिरणाऱ्या बंद भांड्यात) गार करून घ्या. ०.१ मिलिग्रॅमच्या तराजूवर १ मिलिग्रॅम मोजणं म्हणजे १० टक्क्यांची चूक ठरलेली. मोठा तुकडा घ्या.

ऋण इलेक्ट्रोडला कार्बन वापरला, तर सेल १ व्होल्टऐवजी १.८ ते २ व्होल्टपर्यंत जातो आणि ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गात वाढते. डोपिंगनं मिळणाऱ्या कोणत्याही वाढीपेक्षा ही वाढ मोठी आहे. तो कार्बन पऱ्हाटीपासून (कपाशीच्या वाळक्या झाडांपासून) करता येईल. आपल्याकडे ती बांधावर जाळली जाते. पऱ्हाटीचा कोळसा पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून, नायट्रोजनच्या प्रवाहात ७०० ते ८०० अंशांवर तापवला की भरपूर सच्छिद्र होतो. साध्या मफल भट्टीत हवा असते, तिथे हे करू नका. नळीची भट्टी लागेल.

दोन इलेक्ट्रोडमधल्या घट्टसर इलेक्ट्रोलाइटच्या जेलसाठी बहुतेक जण पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) आणि सल्फ्युरिक आम्ल घेतात. मँगनीज डायऑक्साइडला ते मानवत नाही, रिडक्शन होताना तो आम्लात विरघळतो. पीव्हीए आणि लिथियम क्लोराइड घ्या. लिथियम क्लोराइड हवेतला ओलावाही धरून ठेवतं, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचा फायदा होतो. तरी उघडा सेल एप्रिल-मेमध्ये काही दिवसांत वाळतो आणि रोध चढतो. ॲल्युमिनियमच्या थराच्या पाकिटात सीलबंद करा. वाकवण्याची चाचणी करताना वाकवल्याचा फोटो पुरेसा नाही. किती त्रिज्येवर, किती वेळा, आणि त्यानंतर रोध किती वाढला, हे लिहा. ४५ अंशांवरही तीच चाचणी करा. थंड प्रयोगशाळांतल्या कामात ती सहसा नसते. तुमच्या मुलांना करण्यासारखं नवं काम तिथे आहे.

पाच हजार चार्ज-डिस्चार्ज फेऱ्यांच्या चाचणीचं आधीच नियोजन करा. २०० फॅरड प्रति ग्रॅम, ०.८ व्होल्ट आणि १ अँपिअर प्रति ग्रॅम धरलं तर एका फेरीला ३२० सेकंद लागतात. पाच हजारांना साडेअठरा दिवस. एवढ्यात लाइन जाणारच, तेव्हा पोटेन्शिओस्टॅट (सेल चार्ज-डिस्चार्ज करून मोजणारं यंत्र) आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा. ५ अँपिअर प्रति ग्रॅमवर हेच काम चार दिवसांच्या आत होतं. तसं केलं तर वेग स्पष्ट नोंदवा.

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहणं) आणि एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरच्या अणूंची संयुजा पाहणं) यांसाठी नागपूरला व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत आणि विद्यापीठात चौकशी करा. आय-स्टेम या केंद्र सरकारच्या पोर्टलवरूनही उपकरणांची वेळ मागता येते. एक्सपीएस मिळालं तर मँगनीजच्या ३एस रेषेचं दुभंगणं पाहायला विसरू नका. ते ४.७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ असेल तर मँगनीज चार धन प्रभाराचा, ५.४ कडे सरकलं तर तीनचा. डोपंटनं मँगनीजची संयुजा हलवली का, याचं उत्तर तिथे मिळतं.

धुण्याचं पाणी बेसिनमधून सोडू नका. कॉलेजच्या मागचा नाला कोणाच्या तरी विहिरीजवळून जातो. परमँगनेटचा जांभळा रंग थोड्या ऑक्झॅलिक आम्लानं घालवा, मग चुन्याची निवळी घालून पीएच १० च्या आसपास आणा, म्हणजे मँगनीज, आणि पुढे कधी निकेल वापरलंत तर तेही, खाली बसेल. तो गाळ वाळवून, डब्यावर नाव आणि तारीख लिहून वेगळा ठेवा. घातक कचऱ्याचं केंद्र बुटीबोरीला आहे. डबे साठले की तिथे पाठवण्याची परवानगी प्राचार्यांकडून प्रकल्प सुरू करण्याआधीच घेऊन ठेवा.